पीओई कॅमेरे: पाच लागले, तीन लागेनात. स्विच परत करू का?

तारांबळ

नमस्कार मंडळी,

वर्कशॉपमध्ये कॅमेऱ्यांमागे अडॉप्टरचं जंगल माजलं होतं. कुणाचा अडॉप्टर भिंतीला, कुणाची वीट (तारेत वीज सोडणारा ठोकळा) टेबलाखाली, एक कॅमेरा थेट एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) पाठीत खोचलेला. पाच नवे कॅमेरे घ्यायचेच होते, म्हटलं आता सगळं एका पीओई स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीजही देणाऱ्या डब्यावर, आणू. आठ पोर्टचा स्विच आणला. कॅमेरे आठ, पोर्ट आठ, हिशेब जुळला. शनिवारी शिडी काढली ती अजून आत गेलेली नाही.

सद्यस्थिती अशी:

पाचही नवे कॅमेरे (१ ते ५) खोचल्याबरोबर लागले.

६ नंबर, जुना. मेल्यासारखा पडलाय. स्विचवर दिवा नाही, कॅमेऱ्यात हालचाल नाही. गेल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होता.

७ नंबर, तोही जुना. दिवसभर चित्र छान. अंधार पडला की जातो, मिनिटाभराने येतो, परत जातो. रात्रभर हेच.

८ नंबर, एनव्हीआरच्या पाठीतून काढून स्विचवर आणलेला. स्विचवर दोन्ही दिवे लागतात, कॅमेरा हाताला कोमट लागतो, पण एनव्हीआरला तो दिसतच नाही.

स्विच विकणारा म्हणतो कॅमेरे जुने झाले. कॅमेरेवाला म्हणतो केबलमध्ये दोष. केबल टाकणारा फोन उचलत नाही. माझा संशय स्विचवर, तीन पोर्ट खराब असावेत. परत करू का?

बिनतारी

म्हणून मी वाय-फायवाले घेतले.

खालचा मजला

@बिनतारी, तुमचे कॅमेरे वीजही हवेतूनच घेतात वाटतं.

तारांबळ, परत करायच्या आधी एक करा. पाचची केबल सहाच्या पोर्टात लावा, सहाची पाचच्या. सात-आठचंही तसंच. दोष पोर्टापाशी राहतो की केबलबरोबर फिरतो ते सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, शिडीही लागणार नाही.

तारांबळ

केलं. सहा, सात, आठ या पोर्टांवर नवे कॅमेरे मस्त चालतात. आणि ते तिघे कुठेही लावले तरी आपापली नाटकं तशीच करतात. म्हणजे स्विच सुटला म्हणायचा.

शंकेखोर

इतक्यात सोडू नका त्याला. स्विचच्या बुडाला किंवा अडॉप्टरवर एकूण किती वॅट लिहिलेत ते बघा. आठ पोर्ट पीओई आहेत याचा अर्थ आठही पोर्टांना पोटभर वीज मिळते असा नाही. एका पोर्टाचे १५.४ वॅट धरले तर आठांचे १२३.२ होतात. एवढे देणारा अडॉप्टर त्या डब्यात आला होता का? बजेट संपलं की स्विच कुणाला तरी उपाशी ठेवणारच, आणि बहुतेक साध्या स्विचमध्ये पंगत लहान नंबरापासून सुरू होते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्यांची भूक वाढते. सात नंबर रात्रीच का जातो याचं उत्तर तिथेच आहे.

तारांबळ

६५ वॅट लिहिलंय. 🙄

शंकेखोर

झालं. धागा बंद करा.

ओहमकार

धागा बंद करू नका. शंकेखोर म्हणतात तो दोष खरा असतो, पण तिन्ही कॅमेऱ्यांचं दुखणं एकच आहे असं का धरून चाललोय आपण? लक्षणं बघा. एकाला वीज मिळत नाही. एकाला मिळते पण रात्री टिकत नाही. एकाला वीजही आहे, लिंकही आहे, फक्त ओळख लागत नाही. हे तीन वेगळे आजार आहेत. एका गोळीने जाणार नाहीत.

सहाबद्दल आधी. पीओई स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. केबल खोचली की तो आधी २.७ ते १०.१ व्होल्टच्या दरम्यान हलकासा दाब देऊन चाचपतो. पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध दिसला तर त्याला कळतं की हे पीओईचं यंत्र आहे. मग १५.५ ते २०.५ व्होल्ट देऊन विचारतो, तुझा वर्ग कोणता, किती खाणार. त्यानंतरच ४४ ते ५७ व्होल्टचा खरा दाब येतो. पुढेही नजर असतेच. कॅमेऱ्याने निदान १० मिलीअँपिअर तरी ओढत राहायला हवं, नाहीतर तीन-चारशे मिलीसेकंदांत स्विच वीज काढून घेतो. तुमच्या लॅपटॉपला चुकून पीओईची केबल लावली तरी तो जळत नाही, तो याच चौकशीमुळे.

आता प्रश्न: सहा नंबरला आधी वीज कुठून मिळायची? ती जी वीट म्हणालात, तिच्यावर काय लिहिलंय ते अक्षरशः उतरवून टाका.

तारांबळ

वीट अडगळीत टाकली होती, शोधून आणली. अक्षरं पुसट आहेत. ‘आउटपुट २४ व्होल्ट, ०.५ अँपिअर’. खाली दोन पोर्ट, एकावर पीओई, दुसऱ्यावर लॅन.

ओहमकार

सापडला. हा पॅसिव्ह पीओईचा कॅमेरा. याच्या जगात चौकशी वगैरे नसते, वीट तारांत २४ व्होल्ट सोडून मोकळी होते. स्विच बिचारा २५ किलोओहम शोधतोय, कॅमेऱ्याकडे ते नाहीतच, म्हणून स्विच हात आखडून बसलाय. कॅमेरा चांगला, स्विच चांगला, पत्रिका जुळत नाही. पीओई हा शब्द दोघांवर छापलेला असतो, गोंधळ तिथे होतो.

वीट परत मध्ये घाला. लॅन लिहिलेलं टोक स्विचला, पीओई लिहिलेलं कॅमेऱ्याकडे. उलट करू नका.

खटका

उलट केलं की काय होतं ते मी सांगतो. आमच्याकडे ४८ व्होल्टची पॅसिव्ह वीट होती. तिचं वीजवालं टोक मी साध्या राउटरला लावलं. आवाज झाला नाही, धूर आला नाही. राउटरचा तो पोर्ट मात्र त्या क्षणापासून शोभेचा. बाकीचे तीन चालतात, आणि चौथ्यावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, स्वतःच्या आठवणीसाठी.

तारांबळ

सहा नंबर लागला!! वीट मध्ये घातली आणि अर्ध्या मिनिटात चित्र. ओहमकार, दंडवत. अडॉप्टरचं जंगल हटवायला निघालो होतो, एक झाड ठेवावं लागलं.

निरगाठ

आता आठ नंबर माझ्याकडे द्या, ऑफिसात याच भानगडी निस्तरते मी.

हा कॅमेरा आधी एनव्हीआरच्या पाठीतल्या पोर्टात होता ना? ते पोर्ट म्हणजे एनव्हीआरचं माजघर. तिथे तो स्वतःचं वेगळं जाळं चालवतो आणि आलेल्या कॅमेऱ्याला त्या जाळ्यातला पत्ता परस्पर देऊन टाकतो. बऱ्याच एनव्हीआरमध्ये ही मालिका १९२.१६८.२५४ ने सुरू होते. तुम्ही कॅमेरा उचलून स्विचवर आणलात, पण तो पत्ता त्याच्या डोक्यात तसाच आहे. बाहेरचं जाळं बहुधा १९२.१६८.१ चं असेल. दोघे एकाच तारेवर असून एकमेकांना ओळखत नाहीत.

कॅमेऱ्याच्या कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर मिळतं, ते लॅपटॉपवर घाला आणि लॅपटॉप त्याच स्विचला तारेने जोडा, वाय-फायने नको. मालिका वेगळी असली तरी ते कॅमेरा दाखवतं.

तारांबळ

ताई, दिसला! १९२.१६८.२५४.५. पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर उघडत नाही.

निरगाठ

लॅपटॉपही तात्पुरता त्याच मालिकेत न्या. १९२.१६८.२५४.२००, सबनेट २५५.२५५.२५५.०. मग उघडेल. पासवर्ड विचारेल, तो बहुतेक वेळा एनव्हीआरचाच असतो, कारण एनव्हीआरनेच कॅमेरा चालू करताना दिलेला असतो. आत जाऊन पत्ता बाहेरच्या मालिकेतला, आणि कुणी वापरत नाही असा द्या. लॅपटॉप पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर उद्या इंटरनेट बंद म्हणून नवा धागा काढाल.

तारांबळ

आठ नंबर एनव्हीआरमध्ये आला. पासवर्डही तोच निघाला. आणि हो, लॅपटॉप पूर्ववत करायला विसरलो होतो, दहा मिनिटं राउटरला शिव्या घातल्या.

कोपऱ्यातला

पत्त्यांवरून आठवलं. एकाच कंपनीचे सहा कॅमेरे एकदम स्विचला लावले होते मी. सगळ्यांचा कारखान्यातला पत्ता एकच. एनव्हीआरमध्ये एकच कॅमेरा दिसायचा, आणि दर काही सेकंदांनी दृश्य बदलायचं. जिना, फाटक, जिना, गच्ची. मला वाटलं काय भारी सोय आहे, आपोआप फिरून दाखवतोय.

निरगाठ

@कोपऱ्यातला 😂😂 हे मी उद्या ऑफिसात सांगणार.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवाल्यांसाठी एक भर. दिवे लागतात पण कॅमेरा येत नाही, याची आमच्याकडची नेहमीची कारणं दोन. एक, त्या पोर्टाला आधीच्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातला क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. कॅमेरा बदलला की पोर्ट नव्या पाहुण्याला हाकलतो. दोन, स्पॅनिंग ट्री, म्हणजे तारांचा फेरा पडू नये म्हणून स्विच घेतो ती खबरदारी. जुन्या पद्धतीत पोर्ट ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ अशी ३० सेकंदं घालवतो, तेवढ्यात काही कॅमेरे डीएचसीपीला (पत्ते वाटणाऱ्या सेवेला) हाका मारून थकतात आणि आपला ठरीव पत्ता घेऊन गप्प बसतात. कॅमेऱ्याच्या पोर्टांना ही थांबाथांब लागत नाही, ती बंद करता येते. फक्त त्या पोर्टाला दुसरा स्विच लावू नका.

तांबट

सातवर कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. ही केबल सीसीए आहे, पैज लावा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे तेवढ्याच जाडीला रोध दीडपटीच्या वर. दिवसा दिवे बंद असतात तोवर भागतं, रात्री भार वाढला की दाब पडतो, कॅमेरा झोपतो. झोपला की भार गेला, दाब परत आला, कॅमेरा उठला. उठला की पुन्हा अंधार, पुन्हा दिवे. हेच चक्र ना तुमचं? तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं की मला सांगा.

शंकेखोर

तेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय, रात्री भार वाढतो. फक्त दाब स्विचकडेच संपतोय, केबलमध्ये नाही.

रात्रपाळी

भांडू नका, रात्र व्हायची वाटही बघू नका. भर दिवसा कॅमेऱ्यावर जाड काळं कापड टाका. अंधार समजून तो ‘टक्’ करेल (आतली फिल्टरची काच सरकते त्याचा आवाज) आणि दिवे लावेल. मग शंकेखोरांचा निकाल लावायला एक ते चार नंबर स्विचवरून काढून ठेवा. बजेट मोकळं. तरी सात गेला तर बजेट निर्दोष.

माझं रात्रपाळीचं आयुष्य या टक्-टक्मध्ये गेलंय. शिवाय कोळी. इन्फ्रारेडच्या उबेला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, आणि भिंगासमोर जाळं विणून बसतो. पडद्यावर रात्रभर पांढऱ्या दोरखंडांचा नाच.

तारांबळ

कापड टाकलं. शिडीवर कानाशी कॅमेरा घेऊन बसलो. टक्. बारीक लाल ठिपके उजळले. मी मनात आकडे मोजत होतो, चारपर्यंत गेलो आणि ठिपके विझले. मग पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर, पुन्हा टक्, पुन्हा चार-पाच सेकंद.

एक ते चार काढले. तरी तेच.

शंकेखोर

हं.

(पण ६५ वॅट विसरू नका.)

तांबट

खरवडा, खरवडा.

तारांबळ

स्विचकडचं टोक खरवडलं. आत तांबंच आहे, लालसर.

तांबट

😳

ओहमकार

तांबटांचा मुद्दा एरवी बरोबरच असतो, सीसीए केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ (नेटवर्क केबलच्या प्रती) च्या मानकात बसतच नाही. पण इथे आकडेमोड केली तर तेवढ्याने भागत नाही.

सातवर कमाल १२ वॅट लिहिलंय असं धरू. ४८ व्होल्टला साधारण पाव अँपिअर. वीज जाते दोन तारांतून, परत येते दोन तारांतून. केबल समजा ८५ मीटर. चांगल्या तांब्यात जाऊन-येऊन रोध आठेक ओहम, म्हणजे दाब पडला दोन व्होल्ट. अख्खी केबल सीसीए असती तरी तेरा ओहम, सव्वातीन-साडेतीन व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी चव्वेचाळीसच्या वर उरतात. एएफ या पीओईच्या पहिल्या मानकातल्या कॅमेऱ्याने ३७ व्होल्टपर्यंत तग धरायचा असतो.

२००३ च्या ८०२.३ एएफ मानकात हे मोजूनमापूनच धरलंय. स्विचने १५.४ वॅट सोडायचे, कॅमेऱ्याला १२.९५ मिळतील. मधले २.४५ वॅट केबल खाते. ४४ व्होल्ट, ०.३५ अँपिअर आणि २० ओहम घेतले की हेच उत्तर येतं. २००९ च्या एटीमध्ये ३० सोडून २५.५ मिळतात, २०१८ च्या बीटीमध्ये त्याहून बरंच जास्त. सांगायचा मुद्दा, केबल वाईट आहे एवढ्यावर कॅमेरा चार सेकंदांत झोपत नाही. वाटेत कुठेतरी मोठा अडथळा आहे.

तारांबळ, दोन गोष्टी. सातला आधी वीज कुठून मिळायची? आणि केबल किती लांब?

तारांबळ

कॅमेऱ्याशेजारीच प्लग होता, तिथे १२ व्होल्टचा अडॉप्टर. केबलमधून फक्त चित्र यायचं. लांबी पावलांनी मोजली, ८०-८५ मीटर.

तांबट

कागदावर सगळंच चालतं हो ओहमकार.

ओहमकार

म्हणूनच कागद सोडून मल्टिमीटर घ्यायला सांगणार होतो. केबल दोन्हीकडून काढा, स्विचमधूनही आणि कॅमेऱ्यातूनही. कॅमेऱ्याकडे एकेका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा, स्विचकडून रोध मोजा. चारही जोड्या. ८५ मीटर तांब्याला एका जोडीचे सोळाच्या आत यायला हवेत.

म्हणजे आधी या केबलवर विजेचा भार कधी पडलाच नव्हता, हे लक्षात घ्या. चित्र घेऊन जायला तार कशीबशी जोडलेली असली तरी चालून जातं.

सरळरेषा

कनेक्टरच बदलून टाका ना. रंगांचा क्रम कुठला लावलाय? मी तर नेहमी आठही तारा जोडीजोडीने सरळ ओळीत लावतो, दोन्हीकडे सारखं, टेस्टरवर आठही दिवे लागतात. ते केशरी-पांढरा, हिरवा-पांढरा करत बसायची गरजच नाही.

निरगाठ

@सरळरेषा, नका हो करू असं. तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच पीळदार जोडीच्या दोन तारा लागतात. सरळ ओळीत लावलं की तीनवर एका जोडीची तार जाते, सहावर दुसऱ्या. पीळ वाया. टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचली का एवढंच बघतो, कुणाबरोबर पोचली ते नाही. दहा मीटरला चालेल, साठ मीटरला चित्र अडखळेल आणि तुम्ही कॅमेरा बदलाल.

रंगांचा ए क्रम घ्या की बी, वाद घालायला मजा येते, पण दोन्ही टोकांना एकच ठेवा म्हणजे झालं.

सरळरेषा

आमच्या गच्चीवरचा कॅमेरा अडखळतो खरा. तो बदलूनही झालाय.

निरगाठ

🙂

खटका

अडखळण्यावरून. साध्या पीओई स्विचवर पुढे एक बारीक खटका असतो, ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सीसीटीव्ही’ लिहिलेला. तो ओढला की २५० मीटरपर्यंत केबल चालेल असं खोक्यावर लिहितात. चालते, पण वेग १० मेगाबिटवर येतो. शंभर मीटरचा नियम बाकी सगळ्यांना आहे, ९० भिंतीतले आणि १० पॅच कॉर्डचे. आमच्याकडे साफसफाईत कुणाच्या तरी बोटाने खटका सरकला आणि आम्ही आठवडाभर एनव्हीआरला दोष देत होतो. माझ्या टोपणनावाचा इतिहास हाच.

तारांबळ

मोजलं. तपकिरी १९. निळी २०. केशरी १९. हिरवी मात्र काटा ठरू देत नाही, ६०, ७५, ४२, मग एकदम ११०. मी केबल हलवलीसुद्धा नव्हती.

ओहमकार

हिरवीत जॉइंट आहे. बाकीच्याही १९-२० आहेत, सोळात नाहीत, तेही बघायला हवं. केबलच्या सालीवर दर मीटरला आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे आणि शेजारचा मजकूर वाचून सांगा.

तारांबळ

स्विचकडे ‘कॅट ६’ आणि २१७ मी. कॅमेऱ्याकडे ‘कॅट ५ई’, ०३८ मी. थांबा. ही एक केबल नाहीच! रंग दोन्हींचा राखाडी, म्हणून इतकी वर्षं लक्षातच आलं नाही.

तांबट

कॅमेऱ्याकडचं टोक खरवडा!!

तारांबळ

दोन दिवस गायब होतो, फॉल्स सीलिंगमध्ये होतो म्हणा ना. अकरा फरशा उतरवल्या. बाराव्याच्या वर सापडला.

हात लावला तर टेप बोटांना चिकटून आली, तिचा गोंद पाघळून काळा चिकट लगदा झाला होता. आत आठ तारा, प्रत्येक हाताने पिळलेली, ना सोल्डर, ना कनेक्टर. हिरव्या तारेचा पीळ शेवाळी रंगाचा झालेला, आणि हिरवा-पांढरा धरल्याधरल्या मोडून हातात आला. तो तुकडा खरवडला. तांबटबुवा, आत पांढरा शुभ्र.

म्हणजे स्विचपासून जॉइंटपर्यंत तांबं, पुढे कॅमेऱ्यापर्यंत सीसीए. केबल कमी पडली तेव्हा उरलेली कुठलीतरी जोडून टाकलेली.

तांबट

पैज मी जिंकलो. निम्मी.

ओहमकार

निम्मी मान्य. १९-२० ओहमचंही उत्तर मिळालं, अर्धं तांबं आणि अर्धं सीसीए घेतलं की तेवढेच येतात. पण कॅमेऱ्याला झोपवत होता तो हिरवा पीळ. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळून ओलाव्यात ठेवले की तांबं ॲल्युमिनियमला खातं.

तारांबळ

आज अखंड तांब्याची नवी केबल ओढली. टोकं अखंड तारेसाठीचे कनेक्टर घेऊन नीट क्रिंप केली, बी क्रम, दोन्हीकडे सारखा. मोजली तर चारही जोड्या १५ ओहम. संध्याकाळी खाली उभा राहून बघत होतो. टक् झालं, दिवे लागले, आणि लागलेलेच राहिले. शिडी आत ठेवली.

सर्वांचे मनापासून आभार.

कोपऱ्यातला

वाचनखूण साठवली. छपाई वाचायची युक्ती लाख मोलाची.

तारांबळ

मंडळी, शिडी परत काढलीय.

काल रात्री साडेसातला आठ नंबर गेला. सकाळी आपोआप आला. आज संध्याकाळी पुन्हा गेला. त्याची केबल जेमतेम सहा मीटर आहे, जॉइंट नाही, पत्ता बरोबर आहे. सात मात्र खांबासारखा उभा आहे.

शंकेखोर

😌

नव्या पाचांवर किती वॅट लिहिलंय?

तारांबळ

कमाल ९.५ प्रत्येकी. सातवर १२. आठवर ८.

शंकेखोर

पाच साडेनवे साडेसत्तेचाळीस. त्यात बारा, साडेएकोणसाठ. त्यात आठ, साडेसदुसष्ट. स्विच ६५ चा. आत्तापर्यंत सात नंबर रात्री स्वतःच मरत होता म्हणून बाकीच्यांचं भागत होतं. तुम्ही त्याला बरा केलात, तो पोटभर जेवायला लागला, आणि पंगतीत शेवटी बसलेल्याचं पान रिकामं राहिलं. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

ओहमकार

शंकेखोर, माघार. लेबलं कमाल आकडा सांगतात हे खरं, पण केबलमध्ये जातं तेही स्विचच्याच खात्यावर पडतं.

तारांबळ

मग आता मोठा स्विच घेऊ?

निरगाठ

गरज नाही. एनव्हीआरच्या पाठीतला पोर्ट रिकामाच आहे ना? आठ नंबर तिथे लावा. त्या पोर्टांना एनव्हीआरची स्वतःची वीज असते.

तारांबळ

म्हणजे जिथून काढला होता तिथेच?

निरगाठ

तिथेच. 🙂 आणि पत्त्याची चिंता नको, तो एनव्हीआर परत आपला आपण देईल.

तारांबळ

लावला. लागला. १९२.१६८.२५४.५.

बिनतारी

म्हणून मी